भुयारी गटारांचें मोजमाप

प्रत्येक नीटनेटक्या घरांत आवक आणि जावक यांचा हिशेब असतो. दूध किती आलें, धान्य किती लागलें, विजेचें बिल किती झालें, याची नोंद गृहिणीच्या मनांत नाहीं तर गृहस्थाच्या वहींत सांपडते. नळावाटें येणाऱ्या पाण्याचाहि हिशेब पुष्कळ शहरांत मीटर ठेवतो. परंतु तेंच पाणी न्हाणीघर, स्वयंपाकघर आणि शौचकूप यांच्या वाटेनें घराबाहेर पडलें, कीं त्याच्याशीं आपला संबंध संपला, अशी बहुतेकांची समजूत असते. वास्तविक त्याच क्षणीं त्या पाण्याचा दुसरा प्रवास सुरू होतो. आणि त्या प्रवासाचा हिशेब कोणी ठेवला नाहीं, तर त्याची किंमत केव्हां केव्हां एखाद्या मनुष्याच्या प्राणानें द्यावी लागते. हा हिशेब कसा ठेवतात आणि त्याच्या आधारानें भूमीखालील प्रवाह कसा आवरतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

रस्त्यानें जातांना पायांखालीं येणारीं लोखंडी झांकणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. त्यांच्याखालीं विहिरीसारखी खोल, विटांची वा सिमेंटची जी कोठी असते, तिला मॅनहोल म्हणतात. आणि हें नांव आतां मराठींत रुळून गेलें आहे. भुयारी गटार जेथें वळण घेतें, जेथें त्याचा उतार किंवा घेर बदलतो, जेथें दोन गटारें एकत्र मिळतात, तेथें मॅनहोल असावेंच लागतें. आणि सरळ रेषेंतहि लहान गटारांवर साधारणतः तीस तीस मीटरांच्या अंतरानें तें ठेवतात. झांकण बहुधा गोल असतें. चौकोनी झांकण तिरपें झालें, तर कर्णाच्या रेषेंतून आपल्याच भोकांत पडूं शकतें. गोल झांकण कसेंहि फिरविलें तरी पडत नाहीं. ही मूळ कल्पना मोठी जुनी आहे. मोहेंजोदारो येथें साडेचार हजार वर्षांपूर्वीं रस्त्याकडेचीं विटांचीं गटारें झांकलेलीं होतीं, आणि सफाईसाठीं त्यांवरील आच्छादन उचलतां येत असे.

प्रथम या पाण्याचें मान पाहूं. भारतांत भुयारी गटारें असलेल्या शहरांची योजना करतांना दर माणशीं दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची पद्धत आहे, आणि त्यापैकीं शेंकडा ८० भाग सांडपाणी होऊन गटारांत येतो असें मानतात. या हिशेबानें दहा हजार वस्तीच्या एका पेठेचें सांडपाणी दिवसास दहा लक्ष ऐंशी हजार लिटर होतें. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला, म्हणजे दर सेकंदास साडेबारा लिटर, सुमारें एक बादलीभर पाणी, असा प्रवाह निघतो. परंतु ही झाली सरासरी, आणि सरासरी पुष्कळदां फसवी असते. सकाळीं सारी पेठ एकाच वेळीं जागी होते, स्नानें उरकते, भांडीं घासते, कपडे धुते. तेव्हां हाच प्रवाह तिपटीच्या घरांत, म्हणजे सेकंदास साडेसदतीस लिटरांपर्यंत चढतो. उलट रात्रीं तीन वाजतां तेथें बारीकशी धार वाहत असते. एकाच नळानें सकाळचा लोंढा सामावून घ्यावा आणि रात्रीची धारहि वाहती ठेवावी, हें भुयारी गटारांच्या शास्त्रांतील पहिलें कोडें होय.

हें कोडें सुटतें तें उतारानें. गटारांतील पाणी बहुतेक मार्ग स्वतःच्या वजनानें वाहतें, त्यास पंपाचा धक्का नसतो. वेग सेकंदास साठ सेंटिमीटरांच्या, म्हणजे सुमारें दोन फुटांच्या खालीं गेला, तर वाळू व मळ तळाशीं बसूं लागतात. तीन मीटरांच्या वर गेला, तर नळाचा तळ झिजतो. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्स नदीला अशी दुर्गंधि सुटली, कीं पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडांत भिजवावे लागले. तेव्हां कोठें लंडनच्या राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. त्यानंतर जोसेफ बॅझलगेट या इंजिनियरानें जीं प्रचंड गटारें बांधलीं, त्यांना मैलास निदान दोन फूट उतार ठेवण्याचा त्याचा कटाक्ष होता. त्या काळच्या कित्येक गटारांचा छेद अंड्यासारखा, टोंक खालीं करून ठेवलेला असे. रात्रीं पाणी थोडें असलें, तरी तें त्या निमुळत्या तळांत एकवटून खोल व वेगवान राहतें. पुढें १८८९ सालीं आयर्लंडांतील रॉबर्ट मॅनिंग यानें उतार, नळाचा घेर आणि त्याचा खरखरीतपणा यांवरून वेग काढण्याची जी रीत मांडली, तीच आजहि जगभर चालते. तिच्यावरून एक चमत्कारिक गोष्ट दिसून येते. गोल नळ निम्मा भरून वाहो वा पूर्ण भरून वाहो, उतार तोच असला तर वेग सारखाच राहतो.

आतां वेग मंदावला म्हणजे काय होतें, तें पाहणें अगत्याचें आहे. तळाशीं बसलेल्या गाळांत हवा पोंचत नाहीं. तेथें वाढणारे सूक्ष्म जंतु मैल्यांतील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु तयार करतात. कुजक्या अंड्याची घाण येते ती याच वायूची. हा वायु हवेहून जड असल्यामुळें कोठीच्या तळाशीं साठून राहतो. तो नळाच्या आंतील ओल्या छतावर पोंचला, म्हणजे तेथें त्याचें गंधकाम्ल बनतें व तें सिमेंट खाऊन टाकतें. परंतु सिमेंटापेक्षां मनुष्यास त्याचें भय फार मोठें आहे. थोडा असतांना हा वायु नाकास लगेच कळतो. अधिक झाला, कीं वासाची जाणीवच बधिर करतो. घाण येईनाशी झाली म्हणजे हवा शुद्ध झाली, असें खालीं उतरलेल्या मनुष्यास वाटतें, आणि तोच क्षण घाताचा असतो. शिवाय गाळ ढवळतांच त्यांत कोंडलेला वायु एकदम वर येतो. पहिला मनुष्य कोसळला, कीं त्यास वाचविण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठीं तिसरा. अशा रीतीनें एकाच मॅनहोलमध्यें दोघांचे तिघांचे प्राण गेल्याच्या वार्ता अजूनहि वाचाव्या लागतात.

२०१३ सालीं संसदेनें हातानें मैला उचलण्याच्या प्रथेस बंदी करणारा जो कायदा केला, त्यानें संरक्षक साधनें न देतां मनुष्याकडून गटारांची धोकादायक सफाई करून घेण्यासहि मनाई केली आहे. १९९३ पासून गटारांत मृत्यु पावलेल्या प्रत्येक मनुष्याच्या कुटुंबास दहा लक्ष रुपये द्यावे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं दिला. आणि २०२३ च्या ऑक्टोबरांत अशा मृत्यूबद्दलची ही रक्कम तीस लक्षांवर नेली. कायदा झाला, दंड ठरला, तरी मृत्यु थांबले नाहींत. गरिबी, जातीच्या जुन्या बेड्या आणि कंत्राटदारांची बेपर्वाई हीं त्याचीं कारणें आहेतच; परंतु त्यांच्या जोडीला एक साधें कारण असें आहे, कीं खालीं काय चाललें आहे हें वर उभे राहणारास ठाऊक नसतें. तुंबलेलें पाणी वर आल्यावर धांवाधांव होते, आणि घाईच्या वेळीं हाताशीं असलेला मनुष्यच खालीं उतरविला जातो. गटार तुंबूं लागल्याची खबर आठ दिवस आधीं मिळाली, तर तेंच काम यंत्रानें आणि शांतपणें होऊं शकतें. म्हणून प्रवाहाचें मोजमाप ही केवळ इंजिनियरांची हौस समजूं नये.

मोजावयाचें कसें? सर्वांत सोपी रीत म्हणजे पाण्याची खोली मोजावयाची आणि मॅनिंगच्या रीतीनें प्रवाह काढावयाचा. गटार निर्मळ असेल तोंवर ही रीत ठीक चालते. परंतु पुढें कोठें चिंध्यांचा बोळा अडकला, तर पाणी मागें फुगतें. खोली वाढते, पण वेग घटतो. केवळ खोली पाहणारास वाटतें, कीं प्रवाह दुप्पट झाला. प्रत्यक्षांत तो जवळजवळ थांबलेला असतो. यास्तव शहाणा मापक एक तर खोली व वेग दोन्ही मोजतो, नाहीं तर प्रवाहाच्या वाटेंत अशी कांहीं रचना करतो, कीं तेथें खोलीला खोटें बोलतां येऊं नये.

अशा रचनांपैकीं जुनी म्हणजे त्रिकोणी खांचेची फळी. नळाच्या वाटेंत एक पत्रा उभा करून त्यास काटकोनी खांच पाडतात, आणि पाणी त्या खांचेवरून खालीं पडतें. खांचेच्या टोंकापासून मागील पाण्याची उंची दहा सेंटिमीटर असेल, तर प्रवाह सेकंदास सुमारें साडेचार लिटर असतो. उंची वीस झाली, तर तो पंचवीस लिटरांच्या जवळ जातो. म्हणजे उंची दुप्पट झाली, तर प्रवाह साडेपांच पटींहून अधिक वाढतो. यामुळें लहान प्रवाहहि या खांचेनें बारकाईनें मोजतां येतो. दोष इतकाच, कीं फळीच्या मागें गाळ सांचतो व खांचेत चिंध्या अडकतात. स्वच्छ पाण्यास ही रीत उत्तम. मैलापाण्यावर ती थोड्या दिवसांच्या तपासणीपुरतीच बरी.

दुसरी रचना अरुंद गळ्याच्या पन्हळीची. अमेरिकेंतील कोलोरॅडो संस्थानांत राल्फ पार्शल यानें १९२० नंतरच्या दशकांत कालव्यांच्या पाण्यासाठीं अशी पन्हळ सिद्ध केली. वाट अरुंद झाल्यामुळें पाणी गळ्यांत वेगानें धांवतें, आणि त्या वेगामुळें पुढील बाजूच्या चढउतारांचा परिणाम मागें पोंचत नाहीं. मग मागील खोली एकदां मोजली, कीं प्रवाह कळतो. आणि वाटेंत उभी फळी नसल्यामुळें गाळ वाहून जातो. परंतु ही पन्हळ बसविण्यास जागा फार लागते. १९३६ सालीं लॉस एंजेलिस येथील पामर आणि बाउलस या दोघां इंजिनियरांनीं गोल गटारांतच बसेल अशी आटोपशीर पन्हळ मांडली. जुन्या मॅनहोलच्या तळाशीं जी अर्धगोल वाट असते, तींतच ती बसवितां येते. रस्ता खणावा लागत नाहीं. पुढील गटार तुंबून पाणी गळ्यापर्यंत मागें आलें, तर मात्र तीहि बुडते आणि तिची साक्ष ग्राह्य राहत नाहीं.

गेल्या कांहीं दशकांत या साधनांना विजेची जोड मिळाली आहे. झांकणाखालीं टांगलेलें एक यंत्र कानास ऐकूं न येणारा ध्वनि खालीं सोडतें, आणि पाण्यावरून प्रतिध्वनि परत येण्यास किती वेळ लागला तें मोजतें. ध्वनि सेकंदास सुमारें ३४० मीटर जातो. पाणी ३ मीटर ४० सेंटिमीटर खालीं असेल, तर जाऊन येण्यास सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. पाणी चढलें, कीं हा वेळ कमी होतो. वेग मोजण्यासाठीं ख्रिश्चन डॉप्लर यानें १८४२ सालीं मांडलेलें तत्त्व वापरतात. आगगाडी जवळ येतांना शिटीचा स्वर चढा आणि दूर जातांना उतरता ऐकूं येतो, हा सर्वांच्या अनुभवाचा विषय आहे. त्याच न्यायानें पाण्यांतील तरंगत्या कणांवरून परतणाऱ्या ध्वनीच्या स्वरांतील फरकावरून त्या कणांचा वेग कळतो. गंमत अशी, कीं अगदीं निर्मळ पाण्यांत हें साधन लंगडें पडतें. येथें मळच साक्षीदार होतो. लोखंडी झांकण बिनतारी लहरींना अडवितें, म्हणून त्यांच्या प्रक्षेपणाची वेगळी योजना करावी लागते. तेवढी केली, म्हणजे मॅनहोलची नोंद दर कांहीं मिनिटांनीं कचेरींत बसून वाचतां येते.

या नोंदी वाचण्याचेंहि एक शास्त्र आहे. रात्रीं तीन वाजतां सारी पेठ निजलेली असतांना जर प्रवाह बराच असेल, तर फुटक्या सांध्यांतून भूगर्भांतील पाणी आंत शिरत असावें, किंवा एखादा नळ गळत असावा. पाऊस पडतांच प्रवाह झपाट्यानें चढला, तर गच्चीवरचे पन्हाळे कोणीतरी मैलापाण्याच्या गटारास जोडलेले असतात. वरच्या मॅनहोलपेक्षां खालच्यांत पाणी कमी आलें, तर मध्यें कोठें तरी तें मुरत किंवा फुटून बाहेर जात आहे. आणि खोली वाढून वेग उतरला, तर पुढें अडथळा आहे व गाळ बसूं लागला आहे, हें निश्चित. ही शेवटची खूण सर्वांत मोलाची. कारण ती वायूची आणि मृत्यूचीहि पूर्वसूचना होय.

मोजल्यावर आवरण्याचा प्रश्न येतो. त्यासाठीं सर्वांत साधें साधन म्हणजे नियमित आकाराचें भोंक पाडलेली फळी. लोंढा आला तरी भोकांतून ठराविकच पाणी पुढें जातें, बाकीचें मागें थोपून राहतें. भोंक लहान ठेवलें, कीं तें तुंबतें, ही तिची अडचण. तिच्यावर तोड म्हणून भोंवऱ्याचें साधन निघालें. शिंपल्यासारख्या वेटोळ्या पेटींत पाणी कडेनें शिरून गरगर फिरतें. फिरण्यामुळें मध्यें हवेची पोकळी तयार होते आणि तीच वाट अडविते. भोंक मोठें असूनहि पाणी थोडें जातें, त्यामुळें चिंधी अडकण्याचें भय कमी. यांत हलणारा भाग नाहीं आणि वीजहि लागत नाहीं. याखेरीज वरखालीं सरकणारे दरवाजे असतात. आणि भरतीचें पाणी उलट आंत शिरूं नये म्हणून मुखाशीं एकाच बाजूस उघडणारें झडप लावतात.

मोजणें व आवरणें या दोहोंचा संयोग कसा फलद्रूप होतो, याचें उदाहरण अमेरिकेंतील इंडियाना संस्थानांतल्या साउथ बेंड या सुमारें एक लक्ष वस्तीच्या शहरानें घालून दिलें. तेथील जुन्या भागांत मैलापाणी व पावसाचें पाणी एकाच गटारांतून वाहतें, आणि पाऊस झाला, कीं तें ओसंडून सेंट जोसेफ नदींत जात असे. २००८ च्या सुमारास या शहरानें शंभराहून अधिक ठिकाणीं भूमीखालीं मापकयंत्रें बसविलीं, आणि त्यांच्या नोंदींप्रमाणें उघडझांप करणारे दरवाजे कांहीं ठिकाणीं लावले. एका भागांतील मोठीं गटारें भरलेलीं असतांना दुसऱ्या भागांतलीं रिकामीं असतात, ही गोष्ट प्रथमच प्रत्यक्ष दिसून आली. आणि मोकळ्या गटारांचा तात्पुरत्या टांक्यांसारखा उपयोग करण्यांत आला. नदींत ओसंडणारें पाणी शेंकडा सत्तरच्या आसपास घटलें. नवीं गटारें फारशीं न खणतां, आहेत त्यांचाच नीट उपयोग केल्यानें हें साधलें.

परंतु अर्धवट मोजमापहि कसें अपुरें पडतें, हें इंग्लंडकडे पाहिलें म्हणजे कळतें. तेथें असें पाणी ओसंडण्याचीं सुमारें चौदा हजार ठिकाणें आहेत, आणि २०२३ अखेर त्या सर्वांवर मापकें बसविण्यांत आलीं. तीं मापकें ओसंडणें केव्हां सुरू झालें आणि किती वेळ चाललें, एवढेंच सांगतात. किती पाणी गेलें, तें सांगत नाहींत. एक तास झुळझुळ वाहिलेली धार आणि एक तास कोसळलेला लोंढा या दोहोंची नोंद वहींत सारखीच पडते. खुद्द लंडनांत बॅझलगेटच्या गटारांना दीडशें वर्षांनीं मदत म्हणून थेम्सच्या मार्गानें पंचवीस किलोमीटर लांबीचा बोगदा खणावा लागला; २०२५ च्या फेब्रुवारींत त्याची सर्व जोडणी पुरी झाली.

मुंबईची गोष्ट निराळी आहे. तेथें मैलापाण्याच्या आणि पावसाच्या पाण्याच्या वाटा बहुतांशीं वेगळ्या आहेत. जुन्या पर्जन्यवाहिन्या तासास २५ मिलिमीटर पावसाच्या बेतानें बांधलेल्या होत्या. आणि २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रस्त्यावर पाणी सांचलें, कीं तें लवकर उतरावें म्हणून लोक मॅनहोलचीं झांकणें काढतात. हेतु चांगला; परिणाम भयंकर. २९ ऑगस्ट २०१७ च्या अतिवृष्टींत पाण्याखालीं न दिसणाऱ्या अशाच एका उघड्या मॅनहोलमध्यें पडून एका नामवंत डॉक्टरांचा अंत झाला. शिवाय मैलापाण्याच्या मॅनहोलचें झांकण काढलें, तर पावसाचें पाणी त्यांत शिरतें, गटार भरतें, आणि सखल वस्तींतील घरांच्या मोऱ्यांतून मैला उलट वर येतो. वरच्या आळीनें आपलें अंगण कोरडें केलें, तर खालच्या आळीचें स्वयंपाकघर बुडतें.

म्हणून या विषयांत गृहस्थाचेंहि कांहीं कर्तव्य आहे. गच्चीवरचा पन्हाळा मैलापाण्याच्या गटारास जोडूं नये. चिंध्या, नारळाची शेंडी, प्लास्टिकच्या पिशव्या, तळणाचें उरलेलें तेल, हे पदार्थ मोरींत टाकूं नयेत. तेल थंड नळांत थिजतें आणि त्यावर बाकीचा सारा केर चिकटतो. पावसांत झांकण आपल्या हातानें कधींहि उघडूं नये. आणि सोसायटीचें गटार तुंबलें, तर स्वस्तांत काम उरकतें म्हणून कोणासहि खालीं उतरूं देऊं नये. गाळ उपसण्याचीं आणि पाण्याच्या जोरानें नळ धुण्याचीं यंत्रें आतां पुष्कळ शहरांत मिळतात. केरळांत २०१८ सालीं मॅनहोलमध्यें मनुष्याऐवजीं उतरणारें एक यंत्रहि कामास लागलें. त्याचें नांव बँडिकूट, म्हणजे आपली घूस.

नगरपालिकेच्या निवडणुकींत रस्ते, दिवे आणि नळ यांविषयीं प्रश्न विचारण्याची संवय नागरिकांस लागलेली आहे. त्यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावयास हरकत नाहीं: आमच्या प्रभागांतील मुख्य गटारांत किती मापकें आहेत, आणि त्यांच्या नोंदी कोण वाचतो? याचें उत्तर ज्या शहरास नीट देतां येईल, त्या शहरांत पेठेचें पाणी मुकाट्यानें आपल्या वाटेनें जाईल, आणि तें पाहण्यासाठीं कोणाच्या मुलास दोरीला धरून अंधारांत उतरावें लागणार नाहीं.